खोडदची दुर्बीण आणि आळ्याचा रेडा

पुणे-नाशिक रस्त्याने जाणारा प्रवासी नारायणगावला उतरतो, तो बहुधा चहासाठी. तमाशाची पंढरी म्हणून या गावाची कीर्ती त्याने ऐकलेली असते. टोमॅटोचा भाव विचारावा, घरी नेण्यासाठी चार-दोन किलो घ्यावेत, आणि पुढे चालू लागावे, एवढाच त्याचा या गावाशी संबंध. पण सवड काढून एक दिवस इथे मुक्काम केला, तर जवळपासची दोन ठिकाणे पाहण्यासारखी आहेत. दोन्ही जुन्नर तालुक्यातलीच. पण एकाचा संबंध आकाशाशी, तर दुसऱ्याचा एका मुक्या जनावराशी.

पहिले खोडद. मळ्यांमधून जाणारा रस्ता एक वळण घेतो, आणि अचानक शेतांच्या वर प्रचंड पांढऱ्या परड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या दिसतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. अशा एकूण ३०; त्यांपैकी १४ खोडदजवळ दाटीने उभ्या आहेत आणि उरलेल्या १६ तीन दिशांना सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरल्या आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ही रेडिओ दुर्बीण साकार झाली. परड्या भरीव पत्र्याच्या नाहीत. बारीक पोलादी तारांची जाळी आहे. वारा आरपार जातो, लहर मात्र अडते. आवारात शिरण्यापूर्वी मोबाईल बंद करावा लागतो. आकाशातून येणारा निरोप इतका क्षीण असतो, की आपल्या खिशातल्या यंत्राची कुजबुजही त्याला बुडवून टाकते.

या दुर्बिणीने टिपलेल्या एका निरोपाची हकीकत २०२३ च्या आरंभी जाहीर झाली. एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनची ती लहर सुमारे ८८० कोटी वर्षे प्रवास करून इथवर पोचली. ती निघाली तेव्हा आपली पृथ्वी जन्मलीही नव्हती. निघताना २१ सेंटीमीटर लांबीची असलेली ही लहर, वाटेत विश्वच प्रसरण पावत गेल्यामुळे, ताणून सुमारे ४८ सेंटीमीटरची झाली. आणि मध्ये दुसरी एक दीर्घिका आडवी आली नसती, तर ती ऐकूही आली नसती. या मधल्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने लहर वाकवली आणि सुमारे ३० पट ठळक केली.

हे ऐकून माणूस थक्क होतो, आणि थोडा उदासही. एवढ्या पसाऱ्यात आपल्या घरातल्या आजारपणाला, मुलांच्या काळजीला, आपल्या सुखदुःखाला कोण विचारतो? आकाश आपल्याला दिसते. पण आकाशाला आपण दिसतो काय?

हा प्रश्न मनात घेऊनच आळ्याला जावे. नाशिकच्याच रस्त्याने पुढे आळेफाटा लागतो, तिथून गाव जवळ आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले, तो रेडा परतीच्या वाटेवर इथे निवर्तला आणि भावंडांनी त्याला इथेच समाधी दिली, अशी परंपरा आहे. त्याच्या पाठीवर मारलेल्या आसुडाचे वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उमटले, असेही सांगतात. आज तिथे मंदिर आहे.

मंदिरात टेकलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याला आम्ही शहरी शहाणपणाने विचारले, "बाबा, रेडा खरंच वेद बोलला असेल का हो?"

ते म्हणाले, "ते म्या कुठं ऐकलंय? पर माउलींनी त्याला हितं माती दिली. वेदाचं ऱ्हाऊ द्या, साहेब. जनावरासाठी एवढं कोन करतंय?"

या उत्तरापाशी आमचे शास्त्र थांबले. पण खगोलशास्त्राचेही एक गूढ याच्या जवळपास येते. विश्वातले बहुतेक द्रव्य दिसतच नाही. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. ते प्रकाश देत नाही, अडवतही नाही. ते कशाचे बनले आहे, हे कोणालाही अजून सांगता आलेले नाही. तरीही ते आहे, असे शास्त्रज्ञ मानतात. कारण त्याची ओढ दिसते. तारे आणि दीर्घिका ज्या गतीने फिरतात, तिचा हिशेब त्या ओढीवाचून लागत नाही.

ईश्वरी प्रेमही कोणी डोळ्यांनी पाहिलेले नाही. तेही ओढीवरूनच ओळखायचे. आषाढात पावसाचिखलातून लाखो पावले पंढरीकडे वळतात, तीही ओढच. मात्र इथे दोन गूढांत एक फरक आहे, आणि तो लहान नाही. गुरुत्वाकर्षण वस्तुमान पाहते; मोठ्याची ओढ मोठी, अंतर वाढले की ती ओसरते. प्रेमाला हा हिशेब ठाऊक नाही. धर्मपीठाने नाकारलेली चार पोरकी मुले एका रेड्यासाठी वाटेत थांबतात, आणि सातशे वर्षांनंतरही लोक त्याच्यापुढे हात जोडतात, हे कोणत्या सूत्रात बसवायचे?

आकाशाला आपण दिसतो की नाही, हे खोडदची दुर्बीण सांगू शकत नाही. ते तिचे कामही नव्हे. पण या अफाट विश्वाच्या एका कोपऱ्यात एका रेड्याची समाधी आहे, आणि त्याच विश्वाच्या द्रव्यातून घडलेल्या माणसांनी ती बांधली आहे, एवढे तर खरे. मुलांना घेऊन जाल तेव्हा आधी खोडद दाखवा, मग आळे. परतताना गाडीत ती प्रश्न विचारतील. उत्तर द्यायची घाई करू नका.