दोन रंगांत पाच रंगांचं चित्र



लग्नपत्रिका, टी-शर्टवरचं संघाचं नाव, कापडी पिशवीवरचा मजकूर... यातलं बरंच काही स्क्रीन प्रिंटिंगने छापलेलं असतं. यात प्रत्येक रंगाला वेगळी चौकट लागते. म्हणून छापण्याआधी चित्रातले रंग एकेक करून सुटे करावे लागतात. हे काम संगणकावर होतं आणि चौथीच्या वर्गाला शिकवण्यासारखं त्यात खूप आहे.

आधी रीत समजून घेऊ. चौकटीवर बारीक जाळी ताणतात. तिच्यावर प्रकाशाने घट्ट होणारा लेप देतात. वर चित्राची पारदर्शक फिल्म ठेवून प्रकाश सोडला, की काळ्या भागाखालचा लेप मऊच राहतो आणि पाण्याने धुऊन जातो. तिथून शाई खाली उतरते. म्हणजे शाई पिवळी असो की निळी, फिल्मवरचं चित्र मात्र काळंच हवं!

ही युक्ती आपल्याकडे जुनी आहे. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे आपल्याच जिल्ह्यात, लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे दगडावरून छपाई व्हायची. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. संगणक नव्हता, रंग सुटे करायचे ते माणसाच्या डोळ्याने आणि हाताने.

आता आमच्या शिक्रापूरच्या वर्गाची गोष्ट. बालआनंद मेळाव्यासाठी मांजरपाटाच्या पांढऱ्या पिशव्या छापायच्या होत्या. निवडलेलं चित्र एका विद्यार्थिनीचं होतं. पिवळा सूर्य, निळं आकाश, हिरवं शेत, लाल कौलांचं घर आणि काळ्या रेघा. रंग पाच, आणि पैसे दोनच चौकटींपुरते.

चित्र ३०० डीपीआयवर स्कॅन केलं आणि गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडलं. रंगानुसार निवड करून पिवळ्याचा एक थर आणि निळ्याचा एक थर केला. दोन्ही थर काळ्याने भरले. कडांवरचा करडेपणा काढून टाकला, कारण करड्या भागातून प्रकाश अर्धवट जातो आणि कड खराब येते. काळ्या रेघा निळ्या थरात घेतल्या.

मग हिरवं शेत? ते दोन्ही थरांत घेतलं. पारदर्शक शाईने आधी पिवळा आणि त्यावर निळा छापला, की हिरवा आपोआप तयार होतो. कापडाचा पांढरा रंग तर फुकटच! दोन्ही थरांच्या कोपऱ्यांत एकाच जागी अधिकची खूण ठेवली, म्हणजे छापताना रंग सरकत नाहीत.

राहिला लाल. पिवळ्या-निळ्यातून लाल काही येत नाही. कौलांचं काय करायचं, हे संगणक सांगू शकत नव्हता. म्हणून ते जिचं चित्र तिलाच विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "निळं करा. आमच्या खोलीचा पत्रा निळाच आहे. घर काढायचं म्हटलं की लाल कौलं काढतात ना, म्हणून काढली होती."

मित्रांनो, इथे कंपन्यांत कामाला आलेल्या अनेक कुटुंबांची मुलं आपल्या वर्गात आहेत. ती पुस्तकातलं घर काढतात, कारण तेच 'बरोबर' असं त्यांना वाटतं. रंग कमी करायची वेळ आली, म्हणून तिचं खरं घर चित्रात आलं.

तुमच्याकडे संगणक नसेल तरी हा उपक्रम होतो. दोन ट्रेसिंग पेपर घ्या. एकावर फक्त पिवळा भाग, दुसऱ्यावर फक्त निळा भाग पेन्सिलने काळा करायला सांगा. हिरवा कोणत्या कागदावर जाईल, ते मुलांना शोधू द्या. आणि कोणता रंग सोडायचा, हे चित्र काढणाऱ्यालाच ठरवू द्या. उत्तर ऐकायला थोडं थांबा.