ऋतुपर्णाची विद्या

पत्त्यांविषयीची दोन परस्परविरोधी मते आपल्याकडे एकाच घरात नांदत आली आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवंडांबरोबर मेंढीकोट मांडून बसणारी आजी, एखाद्या तरुणाविषयी 'तो पत्ते खेळतो' एवढेच कोणी सांगितले की, त्या घरी मुलगी देण्याचा विचार सोडून देई; आणि यात तिला विसंगती जाणवत नसे, कारण एका ठिकाणी नुसती पाने होती आणि दुसऱ्या ठिकाणी पानांवर लावलेला पैसा होता. बालपणीची ओसरी, नोकरीतले न्यायालयाचे दप्तर आणि निवृत्तीनंतरचा संगणकाचा पडदा अशा तीन ठिकाणी ही पाने माझ्यापुढे आली. त्या तिन्ही ठिकाणांचा अनुभव जमेस धरून मला असे वाटू लागले की, आजीची रेषा खरी असली तरी खेळणाऱ्याच्या मनात ती थोडी निराळ्या जागी पडते.

आमच्या घरी मे महिन्याच्या दुपारी मेंढीकोटाचा डाव बसे. समोरासमोरचे दोघे भागीदार, प्रत्येकाला तेरा पाने, जिला आम्ही मेंढी म्हणत असू ती दश्शी, आणि चारही मेंढ्या एका पक्षाने नेल्या की दुसऱ्यावर चढणारा कोट, एवढाच त्या खेळाचा सरंजाम. परंतु थोरले काका त्यात बसले म्हणजे त्याला पाठशाळेचे गांभीर्य येई. किल्वरची किती पाने पडली, बदामाची राणी कोणाकडे असावी, हुकमाची किती पाने अजून बाहेर आहेत, हा सारा हिशेब ते मनात ठेवीत आणि डाव संपल्यावर प्रत्येकाच्या उतारीची चिकित्सा करीत. जिंकलेल्या मुलालाही ते सोडीत नसत. 'हात तुझा झाला, पण पान चुकीचे होते,' असे ते शांतपणे सांगत, आणि हरलेल्याला कधी कधी म्हणत, 'तू बरोबर खेळलास.' यशाची स्तुती आणि अपयशाची निंदा ऐकण्यास सरावलेल्या आमच्या कानांना तो न्याय अपरिचित वाटे.

पुढे मी तालुक्याच्या फौजदारी न्यायालयात कारकून म्हणून रुजू झालो आणि शिरस्तेदार होऊन निवृत्त झालो. त्या दप्तरात हीच बावन्न पाने मुद्देमाल म्हणून येत: सुतळीने बांधलेली, लाखेची मोहोर लावलेली, सोबत पंचनाम्यात नोंदलेली रोख रक्कम आणि एखादी सतरंजी. श्रावणात अशा प्रकरणांची संख्या वाढे. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा 1887 चा. त्याखाली होणारा दंड सहसा मोठा नसे, पण दंड भरण्यास आलेल्या माणसाच्या मागे मूल कडेवर घेऊन उभी असलेली त्याची बायको पाहिली म्हणजे खरा दंड आधीच वसूल झालेला असल्याचे ध्यानात येई. त्याच कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट दिलेली आहे, आणि आंध्र प्रदेशातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये रमीत पडलेली पाने स्मरणात ठेवण्याचे कौशल्य प्रधान असल्याचा निर्वाळा दिला. तो निकाल वाचताना मला काकांची आठवण झाली, आणि कौशल्य असलेल्या खेळातही माणसाचे घर बुडू शकते की नाही, हा प्रश्न मनात राहून गेला.

निवृत्तीनंतर माझ्या भाच्याने मला पोकर हा खेळ शिकविला. 'मामा, रमीपेक्षा हा तुम्हांला अधिक आवडेल, यात हिशेब आहे,' असे म्हणून त्याने संगणकावर सर्वांत लहान पणाचे टेबल उघडून दिले. टेक्सास होल्डम या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने गुप्तपणे मिळतात. मध्यभागी प्रथम तीन, मग एक आणि शेवटी आणखी एक अशी पाच पाने सर्वांसाठी उघडली जातात. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावावयाचे असतात आणि उपलब्ध सात पानांतून ज्याची पाच पाने श्रेष्ठ ठरतील तो, अथवा इतरांनी माघार घेतल्यावर जो एकटा उरेल तो, जमलेली रक्कम नेतो. आमच्या टेबलावर सक्तीचा पण एक आणि दोन रुपयांचा होता, आणि दोनशे रुपये घेऊन बसले की डाव पुष्कळ वेळ चाले.

नवशिक्यास पहिला पाठ मिळतो तो पाने टाकून देण्याचा. 'मामा, टाका ते. टाकायला वेगळे पैसे पडत नाहीत,' हे भाच्याचे पालुपद होते. दोन पानांचे प्रकार 169. त्यांत एक्क्यांची जोडी सरासरीने 221 वाटपांत एकदा येते, आणि निरनिराळ्या रंगांची सत्ती-दुर्री सर्वांत निकृष्ट समजली जाते. या दोन टोकांमध्ये जे पसरलेले असते त्यातील बहुतेक पाने न खेळणे हेच शहाणपण होय. मेंढीकोटात वाट्याला आलेली तेराही पाने खेळावीच लागत. येथे मात्र नकाराचा अधिकार होता, आणि तो पुन्हा पुन्हा, कंटाळा न करता, बजावण्यास जे धैर्य लागते ते माझ्या अंगी हळूहळू येऊ लागले. समोरच्यांचे चेहरे दिसत नव्हते. त्यांनी लावलेली रक्कम आणि ती लावण्यास घेतलेला विलंब, एवढ्यावरूनच त्यांच्या मनाचा अदमास घ्यावा लागे.

दुसरा पाठ गणनेचा. माझ्या हाती बदामाची दोन पाने आहेत, मध्ये उघडलेल्या चार पानांत बदामाची आणखी दोन आहेत, आणि शेवटचे पान यावयाचे आहे. न पाहिलेली पाने 46. त्यांत बदामाची नऊ. म्हणजे पाचांत जेमतेम एकदा माझा रंग पूर्ण होणार. डावात साठ रुपये जमले असतील आणि पुढे टिकण्यास दहा द्यावे लागत असतील, तर ते देणे रास्त. वीसच जमले असतील, तर तेच दहा देणे अव्यवहार. पान कोणते येईल हे कोणासच ठाऊक नसते, पण द्यावयाची किंमत योग्य की अयोग्य, हे ते येण्यापूर्वीच ठरलेले असते. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीपुढे शंभरांत सुमारे 82 वेळा जिंकते. उरलेल्या वेळी हरते, आणि तेव्हाही खेळणारा बरोबरच खेळलेला असतो. काकांच्या न्यायाचे गणित मला असे उतारवयात गवसले.

महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान मी त्या दिवसांत पुन्हा वाचले. पुष्कराशी द्यूत खेळताना पणामागून पण लावीत नलाने राज्य घालविले, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु फाशांची विद्या त्याला पुढे मिळाली ती द्यूतसभेत नव्हे, तर विदर्भाच्या वाटेवर. बाहुक या नावाने सारथ्य करणाऱ्या नलाला अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाने एका बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे किती ते पाहताक्षणीच सांगितले. नलाने रथ थांबवून मोजणी केली, ती तंतोतंत जुळली, आणि अश्वविद्येच्या मोबदल्यात राजाने त्याला अक्षहृदय, म्हणजे ती फाशांची विद्या, दिली. ती मिळताच त्याच्या देहात शिरलेला कली बाहेर पडला. मला या प्रसंगात विशेष जाणवले ते हे की, तेथे पणास काहीच लावलेले नव्हते. भय आणि लोभ दूर असताना केलेल्या मोजणीतूनच नलाला ते ज्ञान लाभले.

हे पडताळून पाहण्यासाठी मी काही संध्याकाळी पाचपट मोठ्या पणाच्या टेबलावर बसून पाहिले. नऊ पाने तीच, 46 तीच, पण हिशेब मांडण्याआधीच मन गेलेली रक्कम परत मिळविण्याच्या वाटेने धावू लागे. म्हणून मी पुन्हा एक-दोन रुपयांकडे आलो. मोठ्या टेबलांचे आकर्षण मात्र सर्वत्र उभे केलेले असे. अमेरिकेत 2003 साली ख्रिस मनीमेकर नावाच्या हिशेबनिसाने 86 डॉलर भरून ऑनलाइन स्पर्धेतून प्रवेश मिळविला आणि लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत 25 लाख डॉलर जिंकले; ती हकीकत जगभर पसरली, आणि त्याच स्पर्धेत उतरलेल्या उरलेल्या 838 जणांची आठवण काढण्याचे कोणास कारण उरले नाही. शिवाय डाव कोणीही जिंको, चालविणारी कंपनी त्यातून आपला हिस्सा कापून घेई, आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून भरलेल्या रकमेवर 28 टक्के कर बसू लागला. म्हणजे टेबलावरील सर्वांची मिळून बेरीज खर्चाच्या बाजूसच झुकलेली असे.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला, 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, आणि खेळ कौशल्याचा की दैवाचा हा भेद न करता पैसे लावून खेळावयाचे सर्व ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरले. माझी उरलेली शिल्लक मला परत मिळाली. तो खेळ मला प्रिय होता, तरीही या कायद्यास मी मनापासून संमती देतो. कारण पणाची रक्कम लहान ठेवण्याचा संयम खेळणाऱ्याने स्वतःवर घालावयाचा असतो, आणि पण वाढण्यातच ज्याचा नफा आहे अशा व्यापाराकडे त्या संयमाची राखण सोपविता येत नाही. न्यायालयाच्या दप्तरात मी जी कुटुंबे पाहिली, त्यांच्यासाठी आजीची रेषाच सुरक्षित आहे. मात्र पाने आणि गणना यांवर कोणताही निर्बंध आलेला नाही. वाचकांनी सुट्टीत मुलांना घेऊन पत्त्यांचा डाव अवश्य मांडावा, पणास हवे तर चिंचोके लावावेत, आणि डाव संपल्यावर 'किती जिंकलास?' असे न विचारता 'ते पान का खेळलास?' असे विचारावे.