धाब्यावरचं आभाळ

आजोळच्या घराला माळवद होतं. सागाच्या तुळया, त्यांवर आडव्या किलचा, किलचांवर निर्गुडीचा पाला, पाल्यावर चिखल आणि सगळ्यांत वर पांढरी माती. मृग लागायच्या आधी गडी ती माती घमेल्यांनी वर चढवत, पसरत, पाणी शिंपडून चोपत, आणि तिन्हीसांजेला आम्ही पोरं अनवाणी वर गेलो की दिवसभर प्यायलेलं ऊन ती माती हळूहळू तळव्यांना परत देत असायची. कठडा नव्हता. उन्हाळ्यात आजी आम्हा सहा-सात नातवंडांना मधोमध ओळीनं निजवायची आणि स्वतः कडेला आडवी व्हायची. मध्यरात्री जाग आली तर वर आभाळ असायचं आणि बाजूला तिची पाठ.

पुढे माळवद उतरवलं, पत्रे आले, पत्र्यांनंतर स्लॅब. मग पुष्कळ वर्षांनी रद्दीच्या दुकानात सापडलेलं जुनं मराठी बायबल चाळताना एका ओळीत अवचित माळवदासाठी ‘धाबे’ हा शब्द भेटला. भाषांतर करणाऱ्यानं छप्पर लिहिलं नव्हतं, छतही लिहिलं नव्हतं. धाबं. त्या दोन अक्षरांतून ओल्या पांढऱ्या मातीचा वास असा वर आला की यहूदाच्या डोंगरातलं तीन हजार वर्षांपूर्वीचं घर मला परकं वाटेनाच.

ती घरं खणून निघाली आहेत. दगडी खांबांच्या रांगांनी आतली जागा विभागलेली, खांबांपलीकडे गुरं, मागच्या अंगाला एक आडवी खोली. वरचं धाबं अर्थातच उरलेलं नाही. लाकूड, फांद्या, वेत आणि भुसा कालवलेला चिखल, यांतलं काय टिकणार? पण त्या भूमीत धाब्याचा एक सोबती मागे राहतो. हातभर लांबीचा दगडी रूळ, दोन्ही तोंडांना खळगा पाडलेला. खळग्यांत दांडा अडकवायचा आणि पाऊस पडून गेला की ओल्या मातीवर तो मागेपुढे ओढायचा, म्हणजे भेगा मिटतात. गेल्या शतकापर्यंत तिथल्या अरब खेड्यांत असा रूळ धाब्याच्या कोपऱ्यात पडलेला असायचा, आपल्याकडे परसात पाटा पडलेला असावा तसा. मला त्या खळग्यांचं फार वाटतं. दगड कापायला एकदाच मेहनत लागते. खळगा गुळगुळीत व्हायला मात्र किती पावसाळे लागत असतील!

रूळ फिरवायला आळस केला की धाब्यावर गवत उगवायचं. खाली मूठभर माती, मुळांना जायला वाव नाही, पहिल्या गरम वाऱ्यात करपून जायचं. बायबलातले गीतकार वैऱ्याला शाप देतात तो याच गवताचा. शाप देतानासुद्धा त्यांची नजर आपल्या घराच्या छपरावरच.

उन्हाळा सुरू झाला की महिनोन् महिने थेंब नाही. मग धाबं म्हणजे घराची सर्वांत मोठी खोली, भिंती नसलेली. त्याच भूमीतल्या गेजेर इथे 1908 साली चुनखडकाची एक लहानशी पाटी सापडली, तळहातात मावेल एवढी, साधारण इसवी सनापूर्वी दहाव्या शतकातली. तिच्यावर कोणीतरी वर्षभराची शेतीची कामं महिनेवार खरडून ठेवली आहेत, आणि त्यांत एक महिना जवस उपटण्याचा आहे. उपटलेली ताटं वाळवायची कुठे? धाब्यावर. म्हणून यरीहोच्या राहाबेनं इस्राएली हेरांना लपवलं तेव्हा तिला जागा शोधावी लागली नाही. धाब्यावर जवसाच्या काड्या मांडलेल्या होत्याच, तिनं दोघांना खाली निजवलं आणि वरून काड्या ओढल्या. गोष्ट राजाची, शिपायांची, वेशीची आहे. मी मात्र वाचता वाचता त्या काड्यांखाली जाते, जिथे दोन परकी माणसं श्वास रोखून पडलीत, नाकात अर्धवट सुकलेल्या जवसाचा उग्र वास, पाठीखाली कोमट माती, आणि खाली दारात एका बाईचा आवाज शांतपणे खोटं बोलतोय.

शौल राजा व्हायच्या आदल्या रात्री शमुवेल संदेष्टा त्याच्याशी धाब्यावरच बोलत बसला होता, आणि पहाटे त्यानं हाक मारून उठवला तोही तिथेच. हरवलेली गाढवं शोधायला निघालेला पोरगा. उठला आणि डोक्यावर तेल ओतलं गेलं. नीतिसूत्रं रचणाऱ्या कुणा वैतागलेल्या गृहस्थानं तर भांडखोर बायकोबरोबर घरात राहण्यापेक्षा धाब्याचा कोपरा बरा, असं लिहून ठेवलंय. बाईचं म्हणणं कोणी लिहून घेतलं नाही. त्या रात्री खाली ती हातपाय पसरून निवांत झोपली असेल, असं मी आपली समजते.

शूनेम गावच्या बाईचं मात्र लिहिलेलं आहे. सधन घर, म्हातारा नवरा, मूलबाळ नाही. वाटेनं येणाऱ्याजाणाऱ्या अलीशा संदेष्ट्यासाठी तिनं धाब्यावर एक लहानशी खोली बांधवून घेतली आणि आत चार वस्तू ठेवल्या: खाट, मेज, आसन, दिवा. मोठमोठी मंदिरं हातांच्या मापांनी वर्णन करणाऱ्या त्या ग्रंथात ही चार वस्तूंची यादी मला सगळ्यांत श्रीमंत वाटते. पुढे तिला मुलगा झाला. तो हिंडताफिरता झाला, आणि कापणीच्या दिवसांत एका सकाळी शेतात ‘डोकं, डोकं’ म्हणत कळवळला. दुपारपर्यंत आईच्या मांडीवर होता. मग गेला.

ती रडली नाही. मेलेलं पोर उचलून ती जिना चढली, त्या खोलीत, त्या खाटेवर त्याला निजवलं, दार लावून घेतलं आणि गाढवी मागवून संदेष्ट्याला आणायला निघाली. नवऱ्यालाही काही सांगितलं नाही. दुःख खाली ठेवलं असतं तर शेजारपाजार गोळा झाला असता, ऊर बडवणं सुरू झालं असतं, मरण पक्कं झालं असतं. तिनं ते वर ठेवलं, जमीन संपते आणि आभाळ अजून सुरू व्हायचं असतं अशा जागी. गोष्टीत पुढे अलीशा येतो, आणि पोर सात वेळा शिंकून डोळे उघडतं. सात शिंका! आमच्या माळवदाला उजेडासाठी सवणं होतं, वर कोणी खाकरलं तरी खाली चुलीपाशी ऐकू यायचं. शूनेममध्ये खाली उभ्या असलेल्या मोलकरणींनी त्या शिंका एकेक करून मोजल्या असतील.

अशा वापरातल्या जागेसाठी मोशेच्या नियमशास्त्रात एक नियम आहे. नवं घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर; कठड्यावाचून कोणी पडलं तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घराला लागेल, अशा अर्थाचा. त्याच्या अगोदर पाखराच्या घरट्याविषयी सांगितलंय, पिल्लं घेतलीस तरी आईला सोडून दे म्हणून. आणि त्याच्या पाठोपाठ द्राक्षमळ्यात दुसरं बियाणं मिसळू नको म्हणून. घरटं, कठडा, बियाणं. पुढच्या शास्त्र्यांनी या कठड्याची उंचीही ठरवली, दहा मुठी, म्हणजे मोठ्या माणसाच्या मांडीपर्यंत आणि नुकतं पळू लागलेल्या पोराच्या हनुवटीपर्यंत. ते वाचलं त्या रात्री मला आजीची पाठ आठवली. तिला नियमशास्त्र कुठून ठाऊक असणार. पण दहा मुठी भरायचीच ती, कुशीवर झोपलेली.

दावीद राजाच्या वाड्याला कठडा असणारच. संध्याकाळी बिछान्यावरून उठून तो वर फेऱ्या मारत होता, आणि तिथून त्याला न्हाणारी बथशेबा दिसली. चित्रकारांनी तिलाच गच्चीवर बसवलं आणि लोकांना तेच पाठ झालं. गोष्टीत नीट पाहा. गच्चीवर तो होता.

मराठीत नियम धाब्यावर बसवतात. यरुशलेमात हे अक्षरशः घडलं. ज्या धाब्याला शास्त्रानं कठडा सांगितला, तिथेच घरोघरी सूर्याला, चंद्राला, आकाशातल्या सगळ्या सेनेला धूप जळू लागला, राजांनीसुद्धा आहाज राजाच्या माडीच्या धाब्यावर वेद्या बांधल्या. इसवी सनापूर्वी सातव्या शतकात योशीया राजानं त्या फोडल्या. सफन्या संदेष्टा कडाडला, यिर्मया संदेष्टा कडाडला. त्यांचा राग मला कळतो. एकाच देवाशी केलेला करार होता तो. तरीही त्या उन्हाळ्यात, ढगाचा ठिपका नाही, दिवे विझलेले, अशा रात्री मी तिथे उताणी पडले असते, तर त्या लखलखत्या गर्दीसमोर चिमूटभर धूप टाकायला माझा हात शिवशिवला नसता असं कुठल्या तोंडानं सांगू?

शेजारच्या पलिष्ट्यांचं अष्कलोन बाबेलच्या नबुखद्नेस्सरानं इसवी सनापूर्वी 604 साली जाळलं. तिथे खणताना कोसळलेल्या धाब्याच्या ढिगाऱ्यात एक लहान धूपवेदी सापडली. जळत्या तुळया खाली आल्या, माती खाली आली, आणि तिच्याबरोबर देवही खाली आला. अठरा वर्षांनी यरुशलेमचीही तीच गत झाली. धाबी दणाणणं म्हणजे काय, ते त्या दोन शहरांना विचारावं.

यरुशलेमातून बाबेलला नेलेल्यांपैकी जे परतले, त्यांनी सातव्या महिन्यात पुन्हा धाब्यांवर चढून काय बांधलं, तर मांडव. जैतुनाच्या, मेंदीसारख्या सुवासिक झुडपाच्या, खजुरीच्या फांद्या डोंगरातून आणल्या आणि जो तो आपल्या धाब्यावर पानांची खोप उभारून सात दिवस तिच्यात राहिला. रानात तंबूंत काढलेल्या पूर्वजांच्या दिवसांची ही आठवण. घर बांधून झालेल्या माणसानं घराच्याच डोक्यावर बेघर व्हायचं! पानं इतकी दाट हवीत की दिवसा उन्हापेक्षा सावली जास्त पडावी, आणि इतकी विरळ की रात्री तारे दिसावेत, असं पुढे ठरलं. ज्या ताऱ्यांसाठी वेद्या फुटल्या तेच तारे, आता नुसते बघायचे.

सात दिवस सरतात. पानं वाळून कुरकुरतात, पोरं एकेक काडी ओढून काढतात, कोणीतरी अंथरुणं गुंडाळतं. पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला, उन्हाळ्याभरात न दिसलेली एक करडी रेघ उमटते, आणि घरधनी बोलता बोलता कोपऱ्यात जातो, महिनोन् महिने एका जागी पडलेल्या दगडी रुळाला पायानं जरासं ढकलून बघतो.