काळीचा कान

सुट्टीत मी बेवारशी कुत्र्यांची चित्रे काढतो असे सांगितले, म्हणजे लोक आधी माझ्याकडे आणि मग सहानुभूतीने माझ्या पत्नीकडे पाहतात.

गावाबाहेरच्या निवाऱ्यात कुणी गाडीखाली सापडून लंगडे झालेले, कुणी मालकाची बदली होताच मागे राहिलेले, अशी तीसेक कुत्री आहेत. त्यांची चित्रे फाटकावर लावायची. ती पाहून एखादे तरी कुणी घरी न्यावे, एवढाच हेतू. कुत्रे चित्रासाठी स्वस्थ बसत नाही. मुठीत बिस्किट आहे तोवरच त्याचा चेहरा आपला!

काळी तिथली सर्वांत जुनी. काळे कुत्रे नुसत्या काळ्या रंगाने रंगवू नये, हे मी तिच्यामुळे शिकलो. कागदाला भोक पडल्यासारखे दिसते. गर्द निळ्यात थोडा तांबूस तपकिरी मिसळला की अंगावरचे ऊन दिसू लागते. ते ऊन असे साधले की माझ्यातला कादंबरीकार जागा झाला. तोंडावरचे पांढरे केस मी गाळले, डोळ्यातला मोतीबिंदू एका फटकाऱ्यात उतरवला आणि डाव्या कानाचे तुटके टोकही जोडून दिले.

पुढच्या रविवारी एक कुटुंब आले. त्यांची मुलगी चित्रातले कुत्रे शोधीत आवारभर हिंडली. काळी शेपूट हलवीत तिच्या मागोमाग होती.

"ही नव्हे," मुलगी म्हणाली. मंडळी परत गेली.

निवाऱ्यातले मामा माझ्यावर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "गुरुजी, हा कान भांडणात नाही तुटला. नसबंदी केल्याची खूण आहे ती. रस्त्यावर होती तेव्हा पकडणारे लोक हा कान बघूनच तिला सोडून द्यायचे. तुम्ही नेमका तोच शिवून टाकलात!"

कानाची ही खूण २००१ च्या सरकारी नियमांत आहे, २०२३ च्या नव्या नियमांतही आहे. मला त्याचा पत्ता नव्हता.

अमेरिकेत मार्क बॅरोन या चित्रकाराने २०११ नंतर, निवाऱ्यांत ठार केलेल्या कुत्र्यांची ५,५०० चित्रे रंगवली. त्या चित्रांशी ताडून पाहायला कुत्रे उरलेच नव्हते. माझे कुत्रे मात्र चित्राखालीच बसलेले असते.

मी काळीला पुन्हा रंगवले. पांढरे तोंड, धुरकट डोळा, कापलेला कान.

परवा एक वृद्ध गृहस्थ त्या चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले. मग खाली वाकून त्यांनी तो कान चाचपला.

"फटाके संपू देत," ते मामांना म्हणाले. "मग येतो."

काळी फाटकापर्यंत त्यांच्यामागे गेली.