सेवण : दप्तराबाहेरचे कुरण

पश्चिम राजस्थानात, जैसलमेर-बिकानेरच्या वाळूत, सेवण नावाचे बहुवर्षायू गवत वाढते. वर्षाकाठी 250 मिलिमीटरहून कमी पाऊसही त्याला पुरतो. त्याची मुळे वाळू धरून ठेवतात आणि थारपारकर गाई त्यावर पोसल्या जातात. तरीही शासकीय दप्तरात अशी कुरणे पुष्कळदा 'पडीक' ठरतात. जे बाजारात विकले जात नाही त्याचे मोल शून्य, हा हिशोब मला अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही मान्य नाही.

उजाड झालेले कुरण पुन्हा उभे करता येते. सेवणाचे बी हलके, लवदार; वाऱ्याने सहज उडते. म्हणून हेक्टरी 5 ते 7 किलो बी ओलसर मातीत मिसळून, पहिल्या चांगल्या पावसाबरोबर, सुमारे 75 सेंटिमीटर अंतराच्या ओळींत अगदी उथळ पेरावे. पहिल्या वर्षी चराई पूर्ण बंद ठेवावी. पुढे बेताने चरू दिल्यास ठोंब कित्येक वर्षे टिकतात.

खरी अडचण कालगणनेची आहे. आमचा निधी मार्चअखेर खर्ची पडावा लागतो. सेवणाचे वर्ष मात्र पावसाळ्यात सुरू होते आणि त्याचे फळ दुसऱ्या वर्षी दिसते. योजना आखताना गवताचे हे पंचांग आधी पाहावे, एवढेच माझे म्हणणे आहे.