दुसऱ्या शनिवारी

नव्वदच्या दशकाच्या शेवटी पुण्यात वेबची पानं बनवायला शिकलेल्या आम्हा लोकांचा महिन्यातला दुसरा शनिवार ठरलेला असे. मॉडेल कॉलनीत कुणाच्या तरी ओळखीनं मिळालेला कॉलेजचा एक वर्ग, पंधरा-वीस जण आणि फळ्यावर लिहिलेल्या अडचणी. अडचण घेऊन यायचं म्हणजे कधी कधी अख्खा सीपीयू घेऊन यायचं. तो स्कूटरवर पुढे पायांशी, मागे मित्र, मित्राच्या मांडीवर मॉनिटर. वर्गात त्या यंत्राभोवती खुर्च्या ओढल्या जात, आणि ज्याचं यंत्र बिघडलेलं असे तो त्या संध्याकाळपुरता सगळ्यांचा होऊन जाई.

आता फोनवर नाव नोंदवायचं, दाराशी कोड दाखवायचा आणि बाणेरच्या गार सभागृहात बसायचं. वक्ते तयारीनं येतात, वेळ पाळली जाते, चित्रफीत दोन दिवसांत सगळ्यांसाठी खुली होते. जालन्यातली मुलगी ती घरी बसून पाहते, थांबवून पुन्हा पाहते. आमच्या वेळी तिला रात्रीच्या एसटीनं यावं लागलं असतं, आणि ती आली नसती.

आमची सगळ्यात मोठी अडचण होती ती मराठीची. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं, पण त्यावर मराठी लिहायची तर प्रत्येक फाँटची मांडणी वेगळी. एकानं ‘शिवाजी’त लिहिलेलं ‘किरण’ वापरणाऱ्याला वाचता येत नसे. फाँट नसेल तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची रास. म्हणून पानाच्या माथ्यावर आधी फाँट उतरवून घ्यायची विनंती असे, आणि ज्याला ते जमत नसे त्याच्या घरी आम्ही फ्लॉपी पोचवत असू. १.४४ एमबीत दोन-तीन फाँट आरामात मावत. फ्लॉपी द्यायला गेलेला माणूस चहा घेऊन, तासभर बसून यायचा.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण आमच्या टेबलावर ती पोचली विंडोज २००० आणि एक्सपीबरोबर. एक्सपीतही मूळ सीडी घालून एक खूण केल्याशिवाय जोडाक्षरं नीट जुळत नसत. आणि मग आला तो खास आपला अर्धा र, ‘दुसऱ्या’मधला. आम्ही र, हलन्त, य असं लिहीत होतो आणि रफार उडी मारून ‘या’च्या डोक्यावर बसत होता. त्यावर आमचे दोन शनिवार गेले. शेवटी कुणाला तरी सापडलं की इनस्क्रिप्टच्या कळफलकावर शिफ्ट धरून ‘जे’ दाबलं की नुक्त्याचा ऱ येतो, आणि तो वापरला की अक्षर बरोबर उमटतं. त्या रात्री अमृततुल्यवाल्यानं स्टोव्ह विझवला तरी आम्ही गाड्यांना टेकून उभेच होतो.

हे सांगताना मला स्वतःच्या आठवणीवर पूर्ण विश्वास ठेवता येत नाही. त्या वर्गात मुली दोन किंवा तीन असत, आणि वसतिगृहाच्या वेळेसाठी त्यांना चहाच्या आधीच निघावं लागे. खरं शिकणं तर चहाच्या वेळीच होत असे. घरी फोनची लाइन नसलेला मुलगा आमच्यात येऊ शकत नव्हता. जुन्या फाँटमध्ये लिहिलेलं शोधून सापडत नसे, आणि अंधांना संगणकाकडून वाचून घेता येत नसे. ज्या टंचाईनं आम्हाला एकत्र आणलं, तिनंच कितीतरी जणांना बाहेर ठेवलं.

आज कुणीही फोनवर बोलतं आणि मराठी उमटते. २००८ साली युनिकोडमध्ये स्वतंत्र ‘ॲ’ आला. मुंबईच्या एक टाइपनं ‘मुक्त’ आणि ‘बलू’ असे देखणे फाँट कुणालाही फुकट वापरता येतील असे दिले. आम्हाला हवं होतं ते सगळं झालं. ते हवं असताना जी माणसं दर महिन्याला भेटत होती, त्यातली बरीचशी आता दिवाळीच्या शुभेच्छांपुरती उरली आहेत. त्यांची मला फार आठवण येते.

गेल्या महिन्यात भाची एका वाचनालयाच्या पुस्तकांची यादी वेबवर चढवत होती. ‘ऱ्या’ असलेली निम्मी नावं शोधात येत नव्हती. मला लगेच कळलं: ते अक्षर दोन प्रकारे लिहिता येतं, नुक्त्याच्या ऱनं किंवा साध्या र-हलन्तापुढे न दिसणारा जोडक घालून. डोळ्यांना दोन्ही सारखीच, संगणकाच्या लेखी वेगळी. मी खुर्ची ओढली, कागद घेतला. तोवर तिनं लॅपटॉपला विचारलं होतं. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, अगदी बरोबर. तिनं चार ओळी बदलल्या, नावं सापडली, आणि आतून आईनं हाक मारली तशी ती जेवायला गेली. मी थोडा वेळ तिथेच बसलो होतो.