शिवेवरचा कान

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर नळदुर्ग, जळकोट, उमरगा ही गावं मागं पडत जातात, तशा समोरून येणाऱ्या गाड्यांच्या पाट्या बदलत जातात. एमएच १३ म्हणजे सोलापूर, एमएच २५ आपली, मग केए ३८ बिदरची आणि केए ३२ कलबुर्गीची. जिल्ह्याचं उस्मानाबाद हे नाव जाऊन २०२३ मध्ये धाराशिव झालं, पण पाटीवरचा २५ जागचा हलला नाही. रेडिओच्या लहरींनाही अशाच पाट्या असतात. आंतरराष्ट्रीय करारांनी प्रत्येक देशाला सुरुवातीची अक्षरं वाटून दिली आहेत. व्हीटी ते व्हीडब्ल्यू हा गट भारताकडे आहे, एक्सए ते एक्सआय मेक्सिकोकडे. इंग्रजी अमदानीत मुंबई केंद्र व्हीयूबी होतं, दिल्ली व्हीयूडी, मद्रास व्हीयूएम. (विमानांवरच्या व्हीटीचा अर्थ 'व्हाइसरॉयचा मुलूख' असा लावून सांगणारे अजून भेटतात. अर्थ चांगला जमतो, पण त्या काळी अक्षरं वाटणाऱ्यांनी यादी पुढ्यात घेऊन केलेली ती नुसती वाटणी होती.) पाटी मालक कोण ते सांगते. गाडी कुठवर जाईल, हे तिच्या हातात नसतं. लहरीचंही तेच आहे. आणि मला वाटतं, रेडिओचा इतिहास आपण फार काळ पाटीच्या बाजूने लिहिला. केंद्र कोणाचं, परवाना कोणाचा, भाषा कोणती, एवढंच विचारलं. तो कानाच्या बाजूने लिहिला, तर वर्तुळाच्या मध्यात बसलेल्या माणसापेक्षा दोन वर्तुळं जिथे एकमेकांवर चढतात तिथला, शिवेवरचा माणूस जास्त महत्त्वाचा ठरतो.

या गोष्टीचा सगळ्यात नाटकी दाखला मेक्सिकोचा आहे. अमेरिका आणि कॅनडा यांनी मध्यम लहरींतल्या चांगल्या जागा आपसात वाटून घेतल्या आणि मेक्सिकोला पंगतीत पानच मांडलं नाही. मग मेक्सिकोने सीमेलगत दांडगी प्रक्षेपकं उभी राहू दिली. कॅन्सस राज्यात बोकडाच्या ग्रंथी माणसाला बसवून पौरुष परत आणून देतो म्हणणाऱ्या जॉन ब्रिंकली या डॉक्टरचा रेडिओ परवाना अमेरिकेने १९३० मध्ये काढून घेतला. त्याने रिओ ग्रांदे नदी ओलांडली आणि १९३१ मध्ये व्हिया आकुन्या या मेक्सिकन गावातून एक्सईआर सुरू केलं. पाटी मेक्सिकोची, बोली इंग्रजी, गिऱ्हाईक अमेरिकेचं. पुढे एक्सईआरए या नावाने त्याच जागेवरून ५०० किलोवॅटपर्यंत ताकद वापरली गेली. तुलनेसाठी सांगायचं तर, हैदराबादचं आपल्याकडे ऐकू येणारं मोठं केंद्र २०० किलोवॅटचं. एक्सईआरचं पहिलं स्थान डायलवर ७३५ होतं आणि हैदराबादचं ७३८. सात समुद्रांपलीकडे ही दोन घरं जवळजवळ एकाच खुंटीला टांगलेली होती. १९३७ मध्ये हवानाला करार झाला, १९४१ मध्ये तो अमलात आला, मेक्सिकोला जागा मिळाल्या आणि ब्रिंकलीचं दुकान बंद झालं. पण सीमेवरून बोलण्याची सवय गेली नाही. पुढे एक्सईआरएफ आलं आणि तेही नदीपलीकडच्या कानासाठीच बोलत राहिलं.

आपल्याकडची सीमा नदीची नव्हती, शेताच्या बांधाची होती. बार्शी इंग्रजी हद्दीत, आणि तिच्या भोवतीचा उस्मानाबाद, परंडा, तुळजापूर, कळंब हा मुलूख निजामाचा, म्हणजे लोकांच्या भाषेत मोगलाई. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ पासून या दोन राज्यांमधून लातूरपर्यंत धावत होती. इकडचं टपाल वेगळं, नाणं वेगळं, आणि १९३५ पासून सरकारी रेडिओही वेगळा. हैदराबादचं केंद्र निजाम सरकारने ताब्यात घेतलं, पुढे औरंगाबादलाही केंद्र झालं आणि डेक्कन रेडिओ हे नाव रूढ झालं. आता १९४७-४८ चं वर्ष डोळ्यांपुढे आणा. जैसे थे करार झालेला आहे, रझाकारांचा जोर वाढतो आहे, हद्दीलगत मुक्तिसंग्रामाच्या छावण्या पडल्या आहेत. ज्याच्याजवळ संच असेल त्याच्या एका खोलीत रात्री दोन सरकारं बोलू शकत होती: हैदराबादचं सरकार आपण स्वतंत्र आहोत म्हणून, आणि मुंबई-दिल्ली ते तसं नाही म्हणून. हैदराबाद शहराच्या मध्यात बसलेल्याला स्वतःच्या सरकारचा आवाज मोठा आणि स्वच्छ येई. दुसरा आवाज मुद्दाम शोधावा लागे. शिवेवर दोन्ही आवाज सारखेच खरखरत. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे सोलापूरहून निघालेली भारतीय फौज आधी याच जिल्ह्यात, नळदुर्गाशी भिडली, आणि १७ सप्टेंबरला खुद्द निजामाने हैदराबादच्या रेडिओवरून युद्ध थांबल्याचं सांगितलं. पाच दिवसांच्या या लढाईचा पहिला आवाज नळदुर्गच्या माणसाने तोफेतून ऐकला आणि शेवटचा रेडिओतून.

इथे कोणीही थांबवून विचारील की संच होते कोणाकडे? प्रश्न रास्त आहे. त्या काळच्या मोगलाईतल्या खेड्यात वीज नव्हती. संच वकिलाच्या, जमीनदाराच्या, फार तर एखाद्या व्यापाऱ्याच्या घरी. शिवेवरचा कान म्हणजे सगळ्या गावाचा कान असं मी म्हणणार नाही. पण ज्या मूठभर घरांत संच होता तिथून निघालेली बातमी चावडीवर, पारावर, बाजारात पोचे, आणि पोचताना ती दोन तोंडांची असे. हैदराबाद असं म्हणतंय, मुंबई तसं म्हणतेय. 'म्हणतंय' या एका क्रियापदातच पडताळा आला. एकच केंद्र ऐकणाऱ्याच्या तोंडी बहुतेक 'झालं' येतं.

लहर शीव कशी ओलांडते, याचं उत्तर अर्धं आकाशात आहे आणि अर्धं भुईत. मध्यम लहर दिवसा जमिनीला धरून सरपटते. ओलं काळं रान तिला चांगली वाट देतं, कोरडा खडक तिला थकवतो. म्हणजे पावसाळा नीट झाला की पिकाबरोबर लहरीलाही थोडं बळ येतं, असं म्हणायला मराठवाड्यात मोह होतो, आणि ते फारसं चुकीचंही नाही. वातावरणाचा एक खालचा थर दिवसभर या लहरी पिऊन टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहर वर जाते, वरच्या थरावर आपटून शेकडो कोस लांब उतरते. म्हणून सांज झाली की डायलवर गर्दी होते: धारवाड ७६५, पुणे ७९२, मुंबई ५५८. या आकड्यांना ९ ने भागून पाहा, बाकी उरत नाही. १९७५ च्या जिनिव्हा कराराने आशिया, आफ्रिका, युरोपातल्या केंद्रांना नऊ-नऊच्या पावलांवर बसवलं. अमेरिका खंडात पाऊल दहाचं. जगाचा सातबारा असा आकाशातही उतरलेला आहे, फक्त तिथे मोजणी साखळीने न होता किलोहर्ट्झने होते. आणि तिथेही अतिक्रमण असतंच. दोन केंद्रांचे आकडे एकमेकांना अगदी चिकटले की शिट्टी वाजते आणि दोघांचंही बोलणं जातं.

ही शिट्टी माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात सरळ आक्षेप आहे. दोन वर्तुळं चढली की दोन आवाज मिळतात, हे खरं. पण कधीकधी एकही मिळत नाही. अभियंत्याच्या नकाशात काठाचा पट्टा फिकट रंगवलेला असतो, तो उगाच नाही. मी हे मान्य करतो, आणि तरी म्हणतो की काठाचं दुबळेपण हे केंद्राने मोजलेलं दुबळेपण आहे. ऐकणाऱ्याला ते कष्ट वाटतात. तो संच फिरवतो, तार खिडकीबाहेर काढतो, सुई केसभर सरकवतो. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. पलीकडून येणारं सगळंच काही गंगाजल नसतं. ब्रिंकलीने सीमेपलीकडून भोंदू औषधं विकली. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी याच्या भाषणांनी माणसं पेटवली. पण ब्रिंकलीला भाबडे श्रोते शिवेवरच नव्हे, हजार मैलांवरही मिळाले, जिथे त्याच्या गावात काय चाललंय ते कुणी पाहिलेलं नव्हतं. लबाडीला अंतर लागतं.

उलट उदाहरणंही कमी नाहीत. १९५२ मध्ये माहिती खात्याचे मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी आकाशवाणीवर चित्रपटगीतांना आवर घातला, आणि देशभरचे कान रेडिओ सिलोनकडे वळले. मेक्सिकोत सीमेवरच्या केंद्रांनी केलं ते सिलोनवरच्या 'गीतमाला' या चित्रपटगीतांच्या कार्यक्रमाने इथे केलं, फक्त समुद्राच्या पलीकडून. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली. केसकरांना चांगलं संगीत हवं होतं, त्यात वावगं काही नव्हतं. लहरीला हद्द असते असं त्यांनी धरून चालावं, ही चूक. गोव्याच्या बाजूला तर सीमेवरच्या रेडिओने स्वातंत्र्याचंच काम केलं. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ च्या नोव्हेंबरपासून १९६१ च्या डिसेंबरपर्यंत हद्दीलगतच्या जंगलातून गुप्त केंद्र चालवलं आणि पोर्तुगीज सरकारच्या बातम्यांना रोज उत्तर दिलं. त्यांना ना परवाना होता, ना पाटी.

पाट्यांची एक गंमत इथे सांगितलीच पाहिजे. १ एप्रिल १९५० ला हैदराबाद आणि औरंगाबादची केंद्रं ऑल इंडिया रेडिओत विलीन झाली आणि डेक्कन रेडिओ हे नाव पुसलं गेलं. शेजारच्या म्हैसूर संस्थानात एम. व्ही. गोपालस्वामी नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने १९३५ मध्ये घरातून काढलेल्या केंद्राचं नाव मात्र पुढे सगळ्या देशाने घेतलं. ते नाव म्हणजे आकाशवाणी.

आता धाराशिवला स्वतःचं केंद्र आहे, एफएमवर, १०१.३ मेगाहर्ट्झ. मग शिवेची ही सगळी कथा जुनी झाली, असं कोणी म्हणेल. स्थानिक केंद्राची गरज मी नाकारत नाही. पाऊस कुठे, बाजारभाव काय, तुळजापूरच्या यात्रेची व्यवस्था कशी, हे आपल्या बोलीत सांगणारं कोणीतरी हवंच. पण एफएमची लहर सरळ रेषेत जाते. बालाघाटाची डोंगररांग, खोलगट भाग, अंतर, सगळं तिला आडवं येतं. तिचं वर्तुळ गोल, आणि जिल्हा परंड्यापासून उमरग्यापर्यंत तिरका लांबलेला. वर्तुळाचा काही भाग बार्शीवर सांडणार आणि जिल्ह्याची टोकं कोरडी राहणार, हे भूमितीतच ठरलेलं आहे. उमरग्याच्या बाजारात मराठी आणि कानडी एकाच दुकानात बोलली जाते. नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर कर्नाटक-तेलंगणाची माणसं चालत असतात. त्यांना कोणत्या वर्तुळात धरायचं? राहिला मोबाइल. त्यात जगातली सगळी केंद्रं आहेत, खरखर नाही, शीवही नाही. पण तिथे आपण नाव टाइप करून जातो, आणि ज्याचं नाव माहीत आहे तिथेच जातो. दुसऱ्यासाठी बोललेलं चुकून कानावर पडण्याची सोय त्यात उरलेली नाही, आणि शिवेवरच्या कानाचं सारं शिक्षण त्या चुकण्यातच झालं होतं.

जुन्या संचांच्या काचेवर केंद्रांची नावं छापलेली असत: मुंबई, दिल्ली, कोलंबो. ७३८ चं हैदराबाद आणि ७६५ चं धारवाड यांच्यामध्ये सत्तावीस किलोहर्ट्झ, म्हणजे नवाची तीन पावलं. काचेवर सुईची जेमतेम एक हालचाल. उस्मानाबादला मध्यम लहरींवर स्वतःची जागा नव्हती, त्यामुळे त्या काचेवर ते नाव नाही, धाराशिव तर नाहीच. रात्री नऊच्या सुमाराला सुई त्या पट्ट्यात असे, तेव्हा एका बाजूने तेलुगू बातम्या येत आणि दुसऱ्या बाजूने कानडी गाणं, आणि ऐकणारा घरात मराठी बोलत असे.